आधी ओळ, मग रकाना

डेल्फझाइलच्या जलद्वारावर विब्रन हाउत्समाने
एकोणतीस वर्षांपूर्वी लिहिलेला प्रोग्राम अजून चालतो.
काळी खिडकी, हिरवी अक्षरं,
चोवीस ओळी, ऐंशी रकाने:
भरती, ओहोटी, वारा, बाहेर गेलेल्या बोटी.
तो बदलायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच दिवशी अडखळले.
कर्सर हलवताना मी आडवं आधी सांगायचे, उभं नंतर,
शाळेत गिरवल्यासारखं,
आणि वाऱ्याचा वेग जाऊन पडायचा बोटींच्या यादीत.
इथे आधी ओळ, मग रकाना.
शून्य वर, डाव्या कोपऱ्यात;
खाली जावं तसा आकडा वाढत जातो.
आमच्याकडे उलटं. शेतं समुद्राच्या पातळीखाली,
खाली म्हणजे उणे.
माझं स्वयंपाकघर उणे दीड मीटरवर आहे.
उतरण्याला अधिक म्हणणारी
ही एकच जागा मला माहीत.

त्याची फंक्शन्स मितभाषी.
लिही म्हटलं की लगेच लिहीत नाहीत,
मनातल्या पाटीवर मांडून ठेवतात.
ताजं कर म्हटलं, की ती पाटी
समोरच्या पाटीशेजारी धरतात
आणि फरक असेल तेवढीच अक्षरं तारेवरून धाडतात.
पाणी एक सेंटिमीटर चढलं तर एक अंक जातो,
बाकी पडदा जागचा हलत नाही.
तेव्हा तार मंद होती, अक्षराला वजन होतं.
माझे आईवडील जेवताना असेच बोलायचे:
मीठ कमी.
बस्स. काल बोलून झालेलं आज पुन्हा नाही.

फाईलच्या तळाशी एक फंक्शन सापडलं,
ज्याला नाव द्यायचंच टाळलंय असं नाव: क्यू-सात.
दर दोन सेकंदांनी, शेवटच्या ओळीत
(तिचा क्रमांक तेवीस, मोजणी शून्यापासून)
ते नऊ मोकळ्या जागा लिहितं.
मोकळ्यावर मोकळं.
फरक नाही, म्हणून तारेवर काही जात नाही.
फाईलला शेवटचा हात लागला सव्वीस वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात.
हिशेब केला: चाळीस कोटींहून जास्त वेळा
काहीही न पाठवता.

विब्रनला फोन लावला. ऐंशीचा आहे आता.
म्हणाला, पडद्यावर कधी कधी कचरा राहतो, आल्ट्ये,
तो पुसतं ते.
मग विचारलं, वडिलांनी बीट काढले का,
की चिखलामुळे राहिले यंदाही.

कपाटात जुनी नोंदवही होती, कोपरे उंदरांनी खाल्लेले.
तोच नोव्हेंबर.
बोट: योंगे यान. बाहेर: पाच चाळीस.
खलाशी: हाउत्समा, र.
'आत'च्या रकान्यात शाई नाही.
आमच्या लिपीत नाव बोटांवर मोजलं,
मधली मोकळी जागा धरून
नऊ.

संध्याकाळी जुना प्रोग्राम मी घाईत तोडला.
शेवटचं फंक्शन, जे खिडकी मिटून
पडदा होता तसा परत करतं,
त्याची पाळीच आली नाही.
अशा वेळी टर्मिनल अडकून बसतं:
कळा दाबल्या जातात, अक्षरं उमटत नाहीत.
उपाय मला पाठ आहे, एका शब्दाचा.
तो न वापरता त्या काळोखात मी
बोटीचं नाव टाइप केलं. काहीच दिसलं नाही.
एंटर दाबलं.

योंगे: असा आदेश सापडला नाही,
यंत्र म्हणालं.
म्हणजे ऐकू गेलं होतं.