उसना कान

सहा आठवडे ती रोज सकाळी किंचाळत होती.
ती म्हणजे गाडी, दोन हजार चारची अल्टिमा,
केरळला कायमची परतताना
लीलाम्माने साडेचारशे दिनारात मला दिलेली,
डॅशबोर्डवरच्या मेरीमातेसकट.
पहाटे ड्यूटीला निघाले की मुहर्रकच्या गल्लीत
मांजरं पांगायची,
वरचा म्हातारा खिडकी आपटून लावायचा.

सल्माबादला, गॅरेजांच्या मागच्या रांगेत, मजीद हुरजूक.
मूळचा म्हसळ्याचा. सोळा वर्षं बोटीच्या इंजिनरूममध्ये,
पुढची सगळी इथं.
बॉनेटखाली वाकला, बराच वेळ वाकलेला राहिला.
"कंचा आवाज गो बाय? मला तर कायच येत नाय."

मी मिरजेची. वॉर्डात अठरा वर्षं.
कुणी 'काही नाही' म्हटलं की आधी त्याचे डोळे बघते.
बारीक, वरचे सूर त्याला सोडून गेले होते,
बोटीनेच नेले असणार.
हाताखालचा पोरगा कुजबुजला,
चाचांना सांगू नका, त्यांना माहीत नाही.
माहीत होतं.
एकेका भागावर तो तळहात टेकवत होता,
ताप बघावा तसा.

मी पर्समधून स्टेथोस्कोप काढला.
"तूच लाव. आधी ओढणी सोड,
गळ्यातलं कार्ड काढ.
पट्टा माणूसबिणूस बघत नाय."

चालू इंजिनात हात घातला.
डायनॅमो: गुणगुण, सलग.
पाण्याचा पंप ठीक.
आणि मधली ती बिनकामाची दिसणारी पुली,
जी फक्त पट्ट्याला वाट दाखवते,
तिच्या पोटात कुणीतरी
फरशीवरून लोखंडी खाट ओढत होतं.
"ही," मी म्हटलं.
"माझा बोटबी हेच सांगत व्हता."

पट्ट्याच्या वाटेचा नकाशा बॉनेटला चिकटवलेला असतो.
वीस उन्हाळ्यांनी तो कोरा केला होता.
मी पेनाने मनगटापासून कोपरापर्यंत काढून घेतला,
बीपी लिहायची सवय.
मजीदने लांब पान्यावर सगळं वजन टाकलं,
पट्टा सैल पडला, उतरला.
नखाने चिरा मोजल्या. एका इंचात सात.

जुनी पुली त्याने बोटावर फिरवली.
फिरत राहिली, कितीतरी वेळ.
मला वाटलं, बरी आहे की.
नवी फिरवली तर लगेच थांबली.
"आतलं ग्रीस संपलं की अशी मोकाट फिरतं.
चांगली असंल ती जड."
हे मी घरी गेल्यावर लिहून ठेवलं.

रात्रीचे साडेदहा, ऑगस्ट,
हवा ओल्या टॉवेलसारखी तोंडावर.
नवा पट्टा हातात घेऊन पाहिलं तर
घामाने नकाशा पुसलेला,
कोपराजवळ एक वळण तेवढं उरलेलं.
पोरगा मोबाइल शोधू लागला.
"थांब. खाचेला खाच. गुळगुळीत पुली पाठीला.
बाकी तो आपला रस्ता आपण धरतं."
खालच्या अंगाला त्याची बोटं पोचेनात,
माझी पोचली, हॉस्पिटलच्या मोज्यांसकट.

चावी फिरवली.
तो इंजिनकडे नाही, माझ्याकडे बघत होता.
मी कानातून नळ्या काढल्या.

हे दोन शब्द मी आजवर कितीदा गिळलेत,
पलंगाच्या पायथ्याशी नातेवाईक उभे असताना,
डॉक्टर येईपर्यंत.
"काहीच नाही," मी मोठ्याने म्हटलं.
मजीद हसला. पुढचा एक दात नव्हता.

बिल सव्वीस दिनार.
खाली पोरग्याच्या अक्षरात:
कानाचा अर्धा वजा.

पुलावर आले. एसी गार.
एवढी शांत गाडी मी कधी चालवलीच नव्हती,
म्हणून मग ऐकू आलं,
डाव्या मागच्या दारात काहीतरी खुळखुळतंय.
लीलाम्माच्या वेळचंच असणार.