याद्वारे

कोर्टाच्या भिंतीला टेकलेलं माझं टेबल,
एक पाय आखूड, त्याखाली जुन्या राजपत्राची घडी.
टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला,
डावा हात मात्र ओळ संपली की
अजून हवेतच काहीतरी ढकलतो.

मे महिना. डांबर चप्पल सोडत नाही.
पोशम्मा म्याकल आली, अशोक चौकामागच्या बोळातून,
बोटांना तंबाखू, पदराच्या गाठीत कागद.
"अण्णा, वाचा की. काय म्हणायलेत ह्यात?"

'बोळात आडव्या तारेवर कपडे वाळत घालणे
पन्नास रुपये दंडास पात्र राहील, असे
याद्वारे अधिनियमित करण्यात येत आहे.
सचिव, चाळ कमिटी.'

मी चष्मा पुसला. परत पुसला.
एवढा जड शब्द एवढ्या बारीक तारेवर
कुणी वाळत घातलेला
मी आजवर पाहिला नव्हता.

म्हणालो, बाई, हे क्रियापद भाड्यानं मिळत नाही.
त्याला कर्ता लागतो, आणि ऐरागैरा चालत नाही.
निवडून आलेलं सभागृह लागतं,
मांडलेलं विधेयक, कलमाकलमावर भांडण,
मतं, मग वरची सही, मग राजपत्र.
तेव्हा कुठे म्हणायचं: अधिनियमित.
चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक चहाची किटली
एवढ्यात होतो तो ठराव.
'ठरवलं' म्हणावं त्यांनी. फार तर 'सर्वानुमते'.
महापालिका उपविधी करते,
शाळा सूचना लावते,
सासू नुसती बघते,
आणि तेही लागू होतं.

ती हसली नाही.
मांडीवर सूप नव्हतं, तरी बोटं
नसलेलं पान वळत होती.

"आमचा एक कायदा हाय म्हणे, विडीवाल्यांचा.
त्याचं झालंय का, हे तुम्ही म्हणता ते?"

झालंय. रीतसर. दिल्लीत.

"मग हजारातल्या दीडशे छाट म्हणून काढतात,
पैसे कापतात,
आणि छाट विड्या परत देत नाहीत, ते?"

ते दुसरं क्रियापद, मी म्हणालो. अंमल बजावणे.

"त्याला कर्ता कोण?"

लिंबाचं पान हललं नाही.
शेजारचा स्टॅम्पवाला उगाच शाई चाळवत बसला.
तीस वर्षं मी टाइप करत आलोय
'करण्यात येत आहे', 'देण्यात येईल', 'कळविण्यात येते'.
या वाक्यांना मागचं दार असतं.
करणारा केव्हा निघून जातो, कळत नाही.
मलाही कधी शोधावासा वाटला नव्हता.

मग उत्तर लिहायला घेतलं.
ती तेलुगूत आठवायची, मराठीत सांगायची,
मी खोडायला जायचो आणि थांबायचो.

'मी, पोशम्मा नरसय्या म्याकल.
तार माझ्या नवऱ्याने बांधली, गिरणी बंद झाली त्या साली.
कमिटीने ठरवले असेल. अधिनियमित केलेले नाही,
तो अधिकार कमिटीला नाही.
नळ पाच दिवसांनी येतो.
त्या दिवशी मी कपडे धुते
आणि तारेवर वाळत घालते.'

"शेवटचं बरोबर हाय का?"

कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद आहे.
माझ्या टेबलावरचं
इतकं सरळ वाक्य मला दुसरं आठवेना.

अंगठा नको म्हणाली. सही केली,
एकेक अक्षर दोऱ्यानं बांधल्यासारखी.
छाटविड्यांचा अर्ज? विचारलं मी.
"त्याला बाकीच्या बायका घेऊन येते,
एकटीचा कर्ता पुरायचा नाही."

वीस रुपये झाले, म्हणालो.
तिनं दहाची नोट टेबलावर ठेवली,
वारा नसतानाही वर एक खडा ठेवला,
आणि जाता जाता वळून:

"वीसचा दर कुणी अधिनियमित केलाय, अण्णा?"

बरोबर वापरलं.
पहिल्याच खेपेला.