विमा

सव्वानऊला बाजार उघडतो,
तोवर श्रीरंग मुलुंडहून ऐरोलीच्या बसमध्ये.
मी ओट्याशी उभी राहून
त्याच्याच कंपनीचं पुट घेते.

विमाच तो, दुसरं काय.
हप्ता जळत राहतो महिनाभर
मंद आचेवर, वास न येता.

परवा निकालाआधीच भाव दुप्पट दिसला,
हात शिवशिवले.
दोन पन्नासला विकून मोकळी झाले.

काल शेअर नऊ टक्के आपटला.
आज तो चारलाच घरी,
बॅगेत टेबलावरचं निवडुंग, मग, चार्जर.
आयकार्ड नव्हतं गळ्यात.

मी चहा टाकला. साखर दोनदा पडली.
तो तसाच प्यायला.

एक रात्र थांबले असते तर किती?
त्याच्यासमोर बसून
मी मनातल्या मनात
गुणाकार करत होते.