लेखाशीर्ष

तालमीच्या मातीत चप्पल चालत नाही,
म्हणून वर्ग भरला कडेच्या फरशीवर.
चौदा बायका, पाच बाप्ये,
आणि थंडाईची बदामं घोटता घोटता
कान इकडं लावून बसलेला एक पैलवान.

माझ्या मांडीवर महापालिकेचं अंदाजपत्रक,
उशाला घेतलं तर मान अवघडेल एवढं जाड.
एकतीस वर्षं लेखा विभागात काढली मी.
ह्या भाषेवर पगार घेतला, पोरीचं लग्न लावलं,
पण ती कुणाला शिकवावी
असं कधी मनात आलं नाही.

"महसुली म्हणजे रोजचं," मी म्हणालो,
"मीठ, मिरची, गॅसची टाकी.
भांडवली म्हणजे एकदाच :
गोठा बांधला, म्हैस घेतली."
"आणि म्हैस भाकड निघाली तर?"
हौसाबाईंनी विचारलं.

ह्याला आमच्या खात्यात शब्द नव्हता.
मी फळ्यावर लिहिलं : भाकड.
मग महिनाभर तोच चालला.
बंद पडलेला पंप भाकड,
दिवा नसलेले खांब भाकड,
उद्घाटनापुरतं उडालेलं बागेतलं कारंजं,
तेही.

हौसाबाई चपलांच्या वेण्या घालतात.
आकडे पुरते येतात त्यांना, अक्षरं अर्धी.
चामड्यानं रापलेलं बोट
ओळीवरून आरीसारखं चालायचं,
टोचत, थांबत.
एकोणऐंशीव्या पानावर थांबलं
ते थांबलंच.

"भाऊसाहेब, ही आमची गटार न्हवं?"

तालमीमागील उघडी गटार बंदिस्त करणे.
तरतूद चार लाख. खर्च शून्य.
मागच्या सालाची प्रत काढली :
तरतूद चार लाख. खर्च शून्य.
त्याच्या मागची. त्याच्याही मागची.
रुकय्या मुजावर पेरांवर मोजत होती,
एक हात संपला, दुसरा घेतला.
अकरा.

त्यातल्या दोन सालांत पंचगंगेचं पाणी
ह्याच गटारीतून उलटं घरात शिरलेलं.
रुकय्याचं शिलाई मशीन गेलं,
हौसाबाईंचा सबंध सीझनचा माल फुगून गेला,
पैलवानाच्या तालमीची माती नदीला मिळाली.
कागदावर गटार कोरडी,
जशीच्या तशी पुढं ओढलेली.

"पण ओढतंय कोण पुढं?" हौसाबाई म्हणाल्या.
"माणूसच असंल की कुणीतरी."

शेऱ्याच्या रकान्यात एकच वाक्य होतं :
सदर काम प्रलंबित, तरतूद पुढे चालू.
तो 'सदर' मी ओळखला.
असा 'सदर' विभागात एकटा मीच लिहायचो.
नंतर संगणक आला, तरी मसुदा माझाच.
ही गल्ली ऑफिसपासून चालत बारा मिनिटं,
आणि मी पहिल्यांदा आलो
ते निवृत्तीनंतर, शिकवायला.

बदामं घोटायची थांबली होती.
"मी," म्हणालो.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
रुकय्यानं पदराखालची बोटं मिटली.
मग हौसाबाई जरा पुढं सरकल्या.
"म्हंजे कुठं टोचायचं
ते तुमास्नी म्हाईत असणार."

फेब्रुवारीत हरकती-सूचनांचे अर्ज टाकले.
एकोणीस. ज्याचं त्यानं लिहिलेलं,
माझा एकही 'सदर' त्यात नाही.
खिडकीतला पोरगा वैतागला :
विषय एक, अर्ज एवढे कशाला?
"एका टाक्यावर चप्पल टिकतीया व्हय?"

यंदाच्या पुस्तकात ओळ पुन्हा आलीय.
चार लाखांचे नऊ झालेत,
समोर खर्चाचा रकाना अजून रिकामा.
मार्चपर्यंत रिकामा राहू शकतो,
हे मी त्यांना सांगितलं.
शिकवायचं तर हेही शिकवायला हवं.

पुस्तक आता हौसाबाईंच्या घरी असतं.
ओल्या चामड्यावर वजन म्हणून
ठेवत नाही ना, मी विचारलं.
"ठेवती की," म्हणाल्या,
"पर ते पान दुमडून."