खोली

नंदनवनात आमची खोली दहा बाय अकरा.
मेच्या तिसऱ्या आठवड्यात, रात्री साडेअकराला,
भिंती अजून दुपार ओकत होत्या
आणि मी एका जुन्या खेळाला
दुसरा डोळा बसवत होतो.

खेळ साधाच. बारा वर्षं सपाट खेळलेला.
एक दरी, एक दोरांचा पूल, पलीकडे पडका बुरूज.
हेडसेट मनीषनगरच्या एका माणसाकडून, अर्ध्या किमतीत.
त्याच्या बायकोला त्यात भोवळ यायची.
पट्ट्याला अजून कुणाच्या तरी तेलाचा वास.

पहिली रात्र नुसता काळोख.
कुणा अनोळख्यानं लिहिलेली इवलीशी फाईल
खेळाच्या फोल्डरात नेऊन ठेवायची,
जुनीचं नाव बदलायचं, हात जोडायचे.
दुसऱ्या रात्री मेनू नाकाला चिकटला,
उरलेल्या बाणांचा आकडा भुवईच्या आत कुठेतरी लोंबत राहिला.
खाली पाहिलं तर पाय नव्हते.
बारा वर्षं मी म्हणजे नुसती दोन मनगटं होती.

तिसऱ्या रात्री सावल्या पडल्या,
पण फक्त डाव्या डोळ्यात. उजव्यात लख्ख ऊन.
मी एकेक डोळा मिटून तपासत बसलो.
ग्राफिक्स कार्ड चौऱ्याऐंशीवर, नागपूर सेहेचाळीसवर.
आई म्हणाली, "कूलरचं तोंड त्या डब्ब्याकडं काऊन केलं रे?
त्याले काय घाम येऊन राहिला?"

मग डोळ्यांमधलं अंतर.
टिकेशनं कंपासातली पट्टी माझ्या नाकावर आडवी धरली,
त्याचा श्वास माझ्या गालावर.
"त्रेसष्ट. हालू नको ना बे. चौसष्ट."

आणि शेवटी तो स्लायडर. नाव त्याचं: खोली.
शून्यावर सगळं कॅलेंडरवरच्या चित्रासारखं.
हळूहळू सरकवत नेला
तसा बुरूज मागे गेला, आणखी मागे,
भिंतीतून, शेजारच्या बोरकरांच्या स्वयंपाकघरातून,
पार उमरेड रोडच्या पलीकडे.
पूल माझ्यापासून सुटला, आणि त्याच्याखाली
खरंच काही नव्हतं.
मी दिवाणाची कड पकडली.
दहा बाय अकरात एवढी जागा होती
आणि आम्ही या दिवाणाच्या रुंदीवरून भांडायचो.

"घाल, घाल," मी टिकेशला म्हटलं, "पुलावर जा. खाली पाह्य."
त्यानं मान वर केली, खाली केली, मागे वळवली.
"मस्त आहे. मान फिरवली की तेही फिरते."
"किती खोल आहे, पाह्य ना."
"दिसून राहिलं ना. पहिलेवाणीच."
मी स्लायडर टोकापर्यंत नेला. मग शून्यावर आणला.
"आता?"
"आता काय? तू काही केलं का?"

उजवा झाक, म्हटलं. मग डावा झाक.
डाव्यानं पुलाचे दोर मोजता येत होते.
उजव्यानं नुसतं हिरवं, धुरकट.
"हा असाच आहे पहिलेपासून," तो म्हणाला,
"सगळ्यायचा एक कमीच असते ना?"

रेशीमबागेचं मैदान. हातात येऊन सुटलेले कॅच.
मी सगळ्यांसमोर ठेवलेलं त्याचं नाव,
ते इथे लिहीत नाही.
तर्री वाढताना वाटीच्या कडेला टेकवलेला डाव.
गाडी लावताना भिंतीला अलगद लागू दिलेलं चाक.

"मले सांग ना," हेडसेट अजून त्याच्या डोळ्यांवर,
"खोल म्हणजे दिसते कसं?"

"म्हणजे पूल तुझ्याजवळ, आणि दरी..."
"ते तं लहान-मोठ्यावरून समजते."
"हो."
"मंग?"

मी एक डोळा मिटून पाहिलं.
पंखा, दांडीवरचे टॉवेल, झोपलेल्या आईची पाठ,
सगळं जिथल्या तिथे.
काहीच कमी वाटेना, याचंच वाईट वाटलं.

तेवढ्यात कूलरचा पंप कोरडा घरघरला.
टिकेश उठला. हेडसेट उशीवर ठेवला, स्विच बंद केला,
मागची ताटी काढली, बाही वर सारली
आणि अंधारात टाकीत हात घालून
पाण्याची खोली पाहिली.
"मनगटभर आहे," म्हणाला.
"दोन बादल्या लागतीन. ऊठ."