बिनगाठीचा दोरा

सिमाआत्या गेली शुक्रवारी सकाळी,
आणि दिवस बुडायच्या आत तिला माती द्यायची होती.
रेवदंड्यात आता आमची तीन घरं.
पुरुष सात, त्यातले दोन अंथरुणाला.
बायकांत मी.
एकटीला मेलेल्या माणसाची कूस बदलता येत नाही.

किटेरियाला फोन केला, खाडीपलीकडे, कोर्लईला.
तिचा गुड फ्रायडे, पोटात अन्न नाही,
चर्चच्या घंटा मुक्या, नुसती लाकडी फळी वाजत होती.
तरी पूल ओलांडून आली. चपला काढल्या, बाह्या सारल्या.

म्हटलं, ऐक, शिवलीस तर सात दिवस विटाळ.
तिसऱ्या दिवशी पाणी शिंपडायचं, सातव्या दिवशी परत.
कसलं पाणी?
लाल कालवडीच्या राखेचं.
मग खरं सांगून टाकलं,
ती राख यरुशलेमचं मंदिर पडल्यापासून मिळत नाही,
म्हणजे तेव्हापासून आपण सगळेच विटाळलेलो,
हा तांब्यासुद्धा.
ती म्हणाली, मग ओत.

आत्या हलकी होती,
घाण्यातून निघालेल्या पेंडीसारखी.
कफन मी शिवलं, मांजरपाटाचं,
लांब टाके, दोऱ्याला गाठ नाही.
का नाही, किटेरियाने विचारलं.
मला कुठे ठाऊक. म्हटलं,
उसवायला सोपं जावं म्हणून असेल.

शनवारी मशीन झाकलेलं.

रविवारी पहाटे पलीकडे घंटा सुटल्या.
दहाला ती आली, डब्यात बिटात उकडलेली अंडी,
सणात तुला पाव चालत नाही ना, म्हणून.
सांगत बसली, आज काय वाचलं ते:
बाया सुगंधी द्रव्यं घेऊन कबरीकडे निघाल्या, अंधार असतानाच.
मी म्हटलं, आदल्या दिवशी का नाही निघाल्या?
ती गप्प.
अगं, शनवार पाळत होत्या. आमच्यातल्याच त्या.
दगड कोण लोटणार हे ठरवलं नव्हतं,
पण विटाळाचं ठरवूनच निघाल्या असणार.
आणि आत कुणी नाही.
आता रिकाम्या कबरीचा विटाळ लागतो का,
हे विचारायचं कुणाला?

पुढे बागेत तो मरियेला भेटला, म्हणाला,
मला शिवू नकोस.
मी हसले. हा शब्द!
महिन्याचे चार दिवस मी तोच ऐकला, आईच्या तोंडून.
शेजारचे पिंडापाशी ताटकळतात, कावळा शिवत नाही म्हणून.
आणि मी शिवतेच आहे चाळीस वर्षं,
ब्लाऊज, गाद्यांच्या खोळी, कफनं.
तिला जपत होता की स्वतःला?

किटेरिया म्हणाली, आठ दिवसांनी थोमाला म्हणाला,
घाल बोट जखमेत.
मी बोटांवर मोजलं. आठ.
बघ, सात सरले होते!
ती मान हलवत राहिली. तसं नसेल गं.
दुसऱ्या ठिकाणी लिहिलंय, त्याच संध्याकाळी
म्हणाला, चाचपून बघा मला,
आणि त्यांच्यादेखत भाजलेला मासा खाल्ला.
खवल्यांचा?
असेल.

मग माझा हिशेब चुकला.
मासा खाणाऱ्याचा कसला विटाळ.

तिसरा दिवस होता. राख नव्हती.
मी तिच्या हातांवर तांब्याने पाणी घातलं, नुसतं, विहिरीचं.
तिच्या बाहीला कफनाचा एक दोरा चिकटलेला दिसला,
तोच झगा, तसाच घालून मिस्साला जाऊन आली होती.
काढायला हात पुढे केला,
म्हणाली, राहू दे.