एका स्टॉपचा उजेड

नॉरिचच्या दुकानात मिस्टर थर्टल यांनी
काउंटरवर हिरवं फेल्ट अंथरलं
आणि दोन लेन्स उभ्या केल्या,
स्थळं दाखवायला आणावीत तशा.
दोघींची पोच सारखीच, सत्तर ते दोनशे.
एक दोन पॉइंट आठची, दीड किलो.
दुसरी चारची, पाऊण किलोला थोडी वर.
फरक एका स्टॉपचा.
"एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट," ते म्हणाले.
वजनही दुप्पट, किंमतही जवळजवळ तेवढीच,
हा हिशेब त्यांनी माझ्यावर सोडला.

मी जडवाली उचलली.
उजव्या खांद्यातले तीन स्क्रू जागे झाले.
अठ्ठावीस वर्षं शिशाचा एप्रन घालून
एक्स-रेच्या खोलीत उभी राहिलेय मी,
वजन म्हणजे काय ते
मला तराजूने सांगायला नको.
तरी डोळ्याला लावली, आणि मागचा कोपरा,
जिथं ट्रायपॉडची मोडकी पावलं पडली होती,
असा काही उजळून पुढे आला
की लगेच खाली ठेववेना.

थर्टल भला माणूस.
"शनिवार-रविवार दोन्ही न्या," म्हणाले,
"सोमवारी एक परत आणा."

बकनमच्या पाणथळीत जानेवारीत
चार वाजायच्या आत सूर्य हात टेकतो.
गव्हाणी घुबड येतं ते त्यानंतर,
बोरूवरून, पंखांचा आवाज न करता,
नवख्या पोस्टमनसारखं
प्रत्येक खांबाशी जरा घोटाळत.

शनिवारी जड लेन्स.
आधी गळ्यात, मग कोपरावर, मग मांडीवर,
शेवटी फाटकाच्या आडव्या दांडीवर
झोपलेल्या मुलासारखी टेकवलेली.
घुबड आलं तेव्हा
माझ्या हातात थर्मासचं झाकण होतं.
चहा सांडला. एवढीच त्या दिवसाची नोंद.

(नाही, अजून एक आहे:
अंधार पडताना चरापलीकडची एक गाय,
तिच्या नाकपुडीतून निघालेली वाफ,
केस न् केस मोजावा इतकी स्वच्छ.
ती गाय मी कुणाला दाखवत नाही.)

रविवारी हलकी.
घुबड दिसलं आणि हात आपसूक वर गेला,
कपाळावरची बट मागे सारायला जातो तसा.
आयएसओ बारा हजार आठशे.
श्वास आत. धरून ठेवा. हलू नका.
जन्मभर दुसऱ्यांना सांगितलेलं
पहिल्यांदा स्वतःला सांगितलं.
आता सोडा.

घरी येऊन पाहिलं तर
पंखांवर भाजका रवा सांडलेला,
सगळीकडे दाणा.
पण चेहरा आहे, डोळे आहेत,
पायात उंदराची शेपूट लोंबतेय, तीही आहे.

मग आठवलं ते अकरा दिवसांचं बाळ.
रात्रपाळी. डोस मी शक्य तेवढा खाली आणलेला.
चित्र असंच दाणेदार आलं.
नवे डॉक्टर म्हणाले, जरा स्वच्छ नाही का काढता येणार?
येईल की.
पण गळपट्टीच्या हाडातला तडा दिसतोय ना?
मग बाळाला परत कशाला भाजायचं.
त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं,
नंतर हाडाकडे.

सोमवारी जडवाली खोक्यात घालून नेली.
थर्टलनी तिच्या काचेवर एक फुंकर मारली,
कारण विचारलं नाही.
खांदा, मीच म्हणाले. खरं कारण लांब होतं,
आणि पार्किंगची सहा मिनिटं उरलेली.

आता फेब्रुवारी.
परवा घुबड चरापलीकडे बसलं, बराच वेळ,
आणि पडद्यावर नुसता काळोख, त्यात एक पांढुरका ठिपका.
तेव्हा त्या एका स्टॉपसाठी जीव तुटला,
खोटं कशाला बोलू.
कॅमेरा खाली घेतला, तसंच बघत राहिले.
रात्री खांद्याला मलम चोळलं.
तो तसाही दुखतोच.